घरपट्टी कोणावर किती? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

स्थानिक करांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : कर भरायला हरकत नाही, पण तो सगळ्यांना सारख्या न्यायाने लावा. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. हिशोबातली उदाहरणं समजावण्यासाठी घेतली आहेत. प्रत्यक्ष दर तुमच्या पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावात पाहावेत.

प्रश्न : आमची सदनिका सहाशे चौरस फुटांची. शेजारच्या जुन्या सोसायटीत तेवढ्याच सदनिकेला आमच्यापेक्षा कितीतरी कमी कर येतो. रस्ता तोच, पाण्याची लाइन तीच, कचऱ्याची गाडीही तीच. मग फरक कशाचा? (पुणे)

फरक आकारणीच्या वर्षाचा आहे. पुणे महापालिका वार्षिक भाडेमूल्यावर कर आकारते. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, हे पालिका त्या भागासाठी ठरवलेल्या प्रति चौरस फूट दराने काढते. त्यातून दुरुस्तीसाठी कायद्याने १० टक्के वजा होतात. उरलेल्या रकमेला करपात्र मूल्य म्हणतात आणि त्यावर सामान्य कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह वगैरे करांचे दर लागतात. घोळ असा की इमारतीची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा दर तिला चिकटून राहतो. नव्या इमारतीला आजचा दर लागतो.

समजा, जुन्या इमारतीला महिना ५० पैसे आणि नवीला २ रुपये प्रति चौरस फूट दर लागला, आणि सगळे कर मिळून करपात्र मूल्याच्या ४० टक्के होतात. नव्या सदनिकेचं वार्षिक भाडेमूल्य ६०० × २ × १२ म्हणजे १४,४०० रुपये. १० टक्के वजा जाता १२,९६० आणि कर ५,१८४ रुपये. जुन्या सदनिकेचं भाडेमूल्य ३,६०० रुपये. मालक तिथे स्वतः राहत असेल आणि ४० टक्के सवलत मिळत असेल तर २,१६० उरतात, १० टक्के वजा जाता १,९४४ आणि कर सुमारे ७७८ रुपये. सेवा सारख्याच, कर साडेसहा पटीहून जास्त. यात दोन कारणं मिसळली आहेत, ती वेगळी करून पाहायला हवीत.

पहिलं कारण सवलतीचं. स्वतः राहणाऱ्या मालकाला भाडेमूल्यात ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून होती. ती मधल्या काळात बंद झाली, २०१९ पासून आकारणी झालेल्या नव्या मिळकतींना मिळेना, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती कायम ठेवली. मात्र ती आपोआप लागत नाही. तुमच्या बिलात ती नसेल तर पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो. सोबत स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र आणि त्याच पत्त्याचं मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा शिधापत्रिका यांसारखा पुरावा लागतो. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत जोडा. अर्ज अडकतो तो बहुधा नावामुळे : बिलावर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असतं. म्हणून आधी नावात बदल करून घ्या.

दुसरं कारण गोठलेल्या आकारणीचं आणि आमच्या मते खरा अन्याय तिथे आहे. सवलत तरी अर्ज करून मिळते. जुन्या दराचा फायदा मात्र निव्वळ इमारतीच्या जन्मसालावर मिळतो. प्रभात रस्त्यावरचा जुना प्रशस्त फ्लॅट आणि शहराच्या कडेला टँकरचं पाणी पिणारी नवी सोसायटी, यांत जास्त दर दुसरीला लागू शकतो. फेरआकारणी करायची तर एकदम लाखो मतदारांची बिलं वाढतात, म्हणून ती पुढे ढकलली जाते, आणि जितकी ढकलावी तितकी पुढची वाढ जास्त बोचणारी होते.

प्रश्न : भाड्यावरून कर काढण्यापेक्षा घराच्या किमतीवर काढणं जास्त न्याय्य नाही का? मुंबईत तसंच आहे ना? (ठाणे)

मालकामालकांत तुलना केली तर हो, ती पद्धत जास्त न्याय्य आहे. भाड्याच्या पद्धतीचं एक जुनं दुखणं मुंबईला फार भोवलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने मान्य केलेलं कमाल भाडं, गोठवलेलं होतं आणि करपात्र मूल्य त्या प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं. परिणामी दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरची जुनी इमारत उपनगरातल्या नव्या इमारतीपेक्षा कमी कर भरत राहिली.

१ एप्रिल २०१० पासून मुंबई महापालिका भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर घेते. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या मिळकतींच्या भावांच्या तक्त्यातला, दर घेऊन त्याला क्षेत्रफळाने, वापराच्या प्रकाराने, बांधकामाच्या प्रकाराने, इमारतीच्या वयाने आणि मजल्याच्या भारांकाने गुणतात. मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचं अशी तरतूद आहे. वय आणि बांधकाम धरलं जात असल्याने जुन्या चाळीला आणि नव्या टॉवरला एकच दर लागत नाही. याच पद्धतीच्या काही नियमांवर वाद झाला. जमिनीवर उद्या किती बांधता येईल ते धरून मूल्य काढणारे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठेवले. मूल्य आजच्या स्थितीचं धरायचं, संभाव्य इमल्यांचं नाही. हा निकाल आम्हाला योग्य वाटतो. जे बांधलेलंच नाही त्याच्यावर वर्षानुवर्षं कर लावणं कोणत्याच कसोटीवर टिकत नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे. घराची किंमत वाढली, पण पेन्शन वाढलं नाही. किमतीवर कर म्हणजे मला घर विकायला लावणंच नव्हे का? (दादर)

भांडवली मूल्याच्या पद्धतीवरचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. तुमच्याकडे संपत्ती आहे, पण हातात रोख नाही. यावर जगात दोन तऱ्हेचे उपाय झाले आहेत आणि त्यांतला एक चुकीचा आहे.

चुकीचा उपाय कॅलिफोर्नियाचा. तिथे १९७८ मध्ये सार्वमताने कराला मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली आणि घर विकलं जाईपर्यंत आकारणीचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असं ठरवलं. वृद्ध मालक वाचले, पण त्यांच्यासोबत श्रीमंत मालक आणि मोठमोठ्या व्यापारी जागाही वाचल्या. शेजारीच नवं घर घेणाऱ्या तरुण कुटुंबावर कितीतरी पट कर बसला. म्हणजे पुण्यातली गोठलेली आकारणी तिथे कायद्यानेच पक्की झाली.

बरा उपाय कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. ५५ वर्षांवरील घरमालकाला कर पुढे ढकलता येतो. थकलेली रक्कम व्याजासह घरावर बोजा म्हणून राहते आणि घर विकताना किंवा वारसांकडे जाताना वसूल होते. कोणाला घर सोडावं लागत नाही आणि वारसांना करमाफीचं बक्षीसही मिळत नाही. आपल्याकडे याचा अर्धा पाया तयार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार जमीन महसुलानंतर मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजाच असतो. अडचण दंडाची आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे २०,००० रुपये वर्षभर थकले तर वर ४,८०० रुपये. ठरावीक उत्पन्नाखालच्या, स्वतः राहणाऱ्या ज्येष्ठांना शास्तीऐवजी बँकेच्या दराने साधं व्याज लावून कर पुढे ढकलू द्यावा, ही मागणी तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने जरूर लावून धरावी. सरसकट माफीपेक्षा ती पालिकेला परवडणारी आहे.

प्रश्न : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत करमाफी झाली. गरिबांच्या बाजूचा निर्णय म्हणून तुम्ही त्याचं स्वागत करणार ना? (मुलुंड)

हेतूचं स्वागत आहे, मोजपट्टीचं नाही. जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी सदनिकांना पूर्ण माफी आहे. त्याआधी माफी फक्त सामान्य करापुरती होती. या निर्णयाने चाळीतल्या आणि पुनर्वसनातल्या लाखो कुटुंबांना खरा दिलासा मिळाला.

पण क्षेत्रफळ हे गरिबीचं माप नाही. समजा, महागड्या वस्तीतल्या ४६ चौरस मीटरच्या घराचा रेकनर दर मीटरला २ लाख रुपये आहे. मूळ किंमत ९२ लाख, कर शून्य. गोवंडीच्या बाजूला ५० चौरस मीटरचं घर मीटरला ८०,००० दराने ४० लाखांचं, आणि त्याला पूर्ण कर. शिवाय रेषा ओलांडली की माफी टप्प्याटप्प्याने कमी होत नाही, एकदम संपते. ४९९ फुटांना काही नाही आणि ५०५ फुटांना सगळंच. प्राप्तिकरात जसा सुरुवातीचा ठरावीक टप्पा करमुक्त असतो, तसा प्रत्येक घराच्या भांडवली मूल्यातला सुरुवातीचा काही भाग करमुक्त केला असता तर लहान घरं वाचली असती, महागडी छोटी घरं सुटली नसती आणि रेषेवरची भांडणंही झाली नसती.

तुमचं घर रेषेच्या आसपास असेल तर बिलावर कोणतं क्षेत्र धरलं आहे ते नकाशाशी ताडून पाहा. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) आणि बांधीव क्षेत्र (भिंती धरून) यांची गल्लत हीच इथली नेहमीची चूक आहे.

प्रश्न : आम्ही भाडेकरू. घरपट्टी मालकाची, मग हा विषय आमचा कसा? (पिंपरी)

बिल मालकाच्या नावे येतं, भार बऱ्याचदा भाड्यात मिसळून तुमच्याकडे येतो. जिथे स्वतः राहणाऱ्याला सवलत आहे, तिथे भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. म्हणजे स्वतःचं घर घेऊ न शकणाऱ्या कुटुंबाच्या छपरावर जास्त कर. सवलत द्यायचीच तर मालकीऐवजी घराच्या मूल्यावरून द्यावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : जकात होती तेव्हा पालिकांकडे पैसा होता. घरपट्टी वाढवण्यापेक्षा जकात परत का आणू नये? (सोलापूर)

जकात उत्पन्नाच्या दृष्टीने दणदणीत होती, हे खरं. २०१७ पर्यंत मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा तीच होती. शहरात वापरायला किंवा विकायला माल आला की किमतीवर जकात. महागाई वाढली की वसुली आपोआप वाढे, आणि पैसा मंत्रालयात न जाता थेट पालिकेच्या तिजोरीत येई. हे दोन गुण तिच्या विरोधकांनीही मान्य करायला हवेत.

न्यायाच्या बाजूने मात्र ती दुबळी होती. तेल, साबण, कापड यांवरची जकात किमतीत मिसळून जायची. पगाराचा बराच भाग किराण्यावर खर्च करणारं कुटुंब उत्पन्नाच्या मानाने जास्त जकात भरायचं, आणि आपण ती भरतो आहोत हे त्याला कळतही नसे. शहरातून माल नेणाऱ्या आसपासच्या गावांतल्या गिऱ्हाइकांवरही ती बसायची. त्या शहरात त्यांना ना मत होतं ना सेवा. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगांत जळणारं डिझेलही शेवटी त्याच मालाच्या किमतीत चढे.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली. महापालिकांमध्ये तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. त्यात नाके गेले आणि व्यापाऱ्याने वह्यांवरून स्वतः कर भरायचा होता. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींच्या आतील उलाढालीला माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. आता राज्य सरकार २०१७ च्या भरपाई कायद्यानुसार महापालिकांना पैसे देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. म्हणजे तेव्हाचे १०० रुपये २०२५-२६ मध्ये जवळपास २०० होतात. झपाट्याने वाढणाऱ्या शहरालाही ८ टक्के आणि थबकलेल्या शहरालाही तेवढेच. शहराची प्रत्यक्ष गरज त्या सूत्रात कुठेच नाही.

जकात परत आणणं जीएसटीच्या चौकटीत शक्य नाही. खरी मागणी वेगळी हवी : राज्याला मिळणाऱ्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा लोकसंख्या आणि गरज पाहून सगळ्या नागरी संस्थांना द्यावा. तो किती असावा हे सांगण्यासाठी घटनेनेच राज्य वित्त आयोगाची सोय केली आहे.

प्रश्न : पगारातून व्यवसाय कर कापतात, तो तरी आमच्या महापालिकेला मिळतो का? (नाशिक)

नाही. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने राज्य सरकार घेतं. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्थांकडे जातो. शिवाय घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. महिना १२,००० कमावणारा पुरुष २,५०० भरतो, म्हणजे उत्पन्नाच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. महिना २ लाख कमावणाराही २,५००च भरतो, म्हणजे जेमतेम दशांश टक्का. महिलांना महिना २५,००० पर्यंत २०२३ पासून माफी मिळाली, पुरुषांना मात्र ती ७,५०० पर्यंतच आहे. उत्पन्नावरचा कर म्हणून याहून उलटा भार शोधून सापडणार नाही.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या कौन्सिल टॅक्सपेक्षा आपली घरपट्टी बरी की वाईट? (रेडिंग)

तिथला एक फसलेला प्रयोग आधी सांगायला हवा. १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये घरपट्टीऐवजी माणशी ठोक कर आला. एका कौन्सिलच्या (तिथल्या स्थानिक संस्थेच्या) हद्दीत सरदाराला आणि सफाई कामगाराला जवळपास सारखीच रक्कम, फार गरिबांना सवलत. लंडनमध्ये ३१ मार्च १९९० ला दंगल झाली, वसुली ढासळली आणि १९९३ मध्ये घराच्या किमतीच्या गटानुसार लागणारा कौन्सिल टॅक्स आणावा लागला. सगळ्यांना सारखी रक्कम म्हणजेच समान न्याय, असं आपल्याकडे कोणी म्हटलं की हे उदाहरण द्यावं.

पण कौन्सिल टॅक्सही अर्धवटच न्याय करतो. इंग्लंडमधल्या घरांचे आठ गट अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आहेत. तेव्हा ४० हजार पौंडांपर्यंतचं घर सगळ्यात खालच्या गटात आणि ३ लाख २० हजारांच्या वरचं सगळ्यात वरच्या गटात. किमतीत निदान आठ पटींचा फरक, करात फक्त तिप्पट. त्याचा एक गुण मात्र घेण्यासारखा आहे : बिल सहसा राहणाऱ्याच्या नावे येतं, भाडेकरूच्याही. त्यामुळे कौन्सिलने कर वाढवला की मतदाराला लगेच कळतं.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने घरपट्टी वाढवली. हिशोब कसा तपासायचा? (जि. सातारा)

ग्रामपंचायती पूर्वी क्षेत्रफळावर घरपट्टी घेत. डिसेंबर २०१५ च्या नियम दुरुस्तीपासून ती भांडवली मूल्यावर आहे. जमिनीचं क्षेत्र गुणिले जमिनीचा दर, अधिक बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (बांधकाम जुनं होईल तसा कमी होणारा गुणक), आणि या बेरजेला वापराचा भारांक. निवासी वापराला भारांक १, व्यापारी किंवा औद्योगिक वापराला जास्त. आलेल्या मूल्याला दर हजारी ठरलेल्या पैशांनी गुणायचं.

समजा, १०० चौरस मीटर जागा १,००० दराने १ लाख आणि ६० मीटरचं सिमेंटचं घर १५,००० दराने ०.८५ घसारा धरून ७,६५,००० झालं. मूल्य ८,६५,०००. दर हजारी १ रुपया २० पैसे धरले तर घरपट्टी १,०३८ रुपये. तेवढ्याच जागेवर मातीचं जुनं घर ४,००० दर आणि ०.५० घसाऱ्याने १,२०,००० चं. जागेसह २,२०,०००, आणि दर हजारी ३० पैशांनी फक्त ६६ रुपये. मुख्यतः क्षेत्रफळच पाहणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा हे नक्कीच न्याय्य आहे.

ग्रामपंचायतीत नमुना ८ चा (कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा मागा आणि चार गोष्टी पाहा : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर. वर्ष चुकलं की घसारा चुकतो आणि मातीच्या भिंतीची नोंद सिमेंटची झाली की दोन्हीकडून फटका बसतो. फेरआकारणीची यादी लागली की हरकत मुदतीतच लेखी द्या, पोच घ्या.

पाणीपट्टीकडेही लक्ष द्या. बहुतेक गावांत ती नळजोडामागे ठोक असते. दोन हंडे भरणारी म्हातारी आणि अंगणात गाड्या धुणारा एकच रक्कम भरतात. मीटर शक्य नसेल तर निदान नळाच्या व्यासावर दर ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

प्रश्न : महापालिकेची आकारणी चुकीची वाटते. काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

कर नव्याने लावताना किंवा वाढवताना पालिका पाठवते ती विशेष नोटीस आल्यावर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. नुसतं 'कर जास्त आहे' असं लिहू नका. मोजलेलं चटई क्षेत्र, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख आणि त्याच इमारतीतल्या सारख्या दोन-तीन मिळकतींची आकारणी जोडा. आकारणी पुस्तक पाहण्याचा हक्क मालकाला आहे. सुनावणीनंतरही समाधान झालं नाही तर मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४०६ व्या कलमाखाली न्यायालयात अपील करता येतं. त्याची मुदत फक्त १५ दिवस आहे. आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणी केलेली रक्कम पालिकेकडे भरलेली असावी लागते. बहुतेक अपिलं या दोन अटींवर पडतात. म्हणून वाद चालू असतानाही रक्कम हरकत नोंदवून भरावी, म्हणजे दरमहा २ टक्क्यांची शास्तीही लागत नाही.

प्रश्न : रेल्वे आणि केंद्र सरकारच्या इमारतींना घरपट्टी का नाही? (भुसावळ)

घटनेच्या २८५ व्या अनुच्छेदाने केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक करातून सूट आहे. मात्र रस्ते, दिवे, सांडपाणी या सेवांचा आकार पालिका मागू शकते. सेवा कितपत वापरल्या जातात त्यानुसार तो मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३.३३ टक्के असतो. तो करार करून मिळतो, म्हणून नगरपालिकेने असा करार केला आहे का आणि किती थकबाकी आहे, हे माहिती अधिकारात विचारा.